सांपडलेलें पिलूं व शेतकऱ्याचें कर्तव्य

ऊंसतोडणीचा हंगाम सुरू झाला कीं दरवर्षीं दोन प्रकारच्या वार्ता कानीं येऊं लागतात. अमक्या गांवीं उंसाच्या फडांत बिबळ्याचीं पिलें सांपडलीं, ही एक. आणि तमक्या वस्तीवर बिबळ्यानें माणसावर झडप घातली, ही दुसरी. पहिली वार्ता ऐकून शहरांतील मनुष्य कळवळतो व दुसरी ऐकून खेड्यांतील मनुष्य संतापतो. वस्तुतः या दोन्ही वार्ता एकाच फडांतून निघालेल्या असतात, आणि ज्याचा तो फड, तो शेतकरी दोन्ही वेळीं एकटाच असतो. जखमी, आजारी किंवा पोरक्या झालेल्या रानटी जनावरांस वांचविण्याविषयीं अलीकडे पुष्कळ बोललें जातें. परंतु असें जनावर ज्याच्या दृष्टीस प्रथम पडतें त्या शेतकऱ्यानें पहिल्या घटकेस काय करावें, आणि तसें केल्यानें त्याचें जें नुकसान होतें तें कोणीं सोसावें, याचा विचार आपल्या मासिकांत झाला पाहिजे, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

माझें मत आरंभींच सांगतों. रानटी जनावराचें पिलूं सांपडल्यास त्यास न उचलणें हाच बहुधा त्यास वांचविण्याचा उत्तम मार्ग होय. जखमी जनावरासाठीं प्रथम गर्दी हटविली पाहिजे, औषधोपचार त्यानंतरचे. मोठ्या बिबळ्यास धरून दूरच्या रानांत सोडून आल्यानें तोही वांचत नाहीं व माणसेंही वांचत नाहींत. आणि या सर्व संयमास जो खर्च येतो तो एकट्या शेतकऱ्याच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे.

प्रथम माझ्याच घरची चूक सांगतों. आमचें पाली गांव भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनला लागून, समुद्रकांठीं वसलेलें आहे. आज तें मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. मासेमारी हा येथील मोठा धंदा; परंतु कांहीं कुटुंबांची थोडीफार भातशेतीही असे, व खाडीच्या अंगास आमचा एक खाजणाचा तुकडा होता. सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वीं, मी शाळेंत जात असतां, मोठ्या उधाणानें त्या खाजणाचा बांध फुटला. वडील तो दुरुस्त करावयास गेले तेव्हां बांधाच्या कुशींतील एका बिळाशीं कोल्ह्याचें एक पिलूं ओलेंचिंब होऊन कुडकुडत पडलेलें त्यांना दिसलें. तिवरांच्या झाडींत त्या काळीं कोल्हे पुष्कळ असत. आजही ते अगदींच नाहींसे झालेले नाहींत. वडिलांनीं दयेनें तें पिलूं पंचांत गुंडाळून घरीं आणलें. आम्हां भावंडांना पराकाष्ठेचा आनंद झाला. गाईचें दूध बोळ्यानें पाजलें, गोणपाटाचें अंथरूण केलें, शेजारचीं मुलें पाहावयास येऊं लागलीं. तिसऱ्या दिवशीं त्यास हगवण लागली व आठव्या दिवशीं तें मेलें. परंतु त्याच्या मरणाहूनही मनास लागून राहिलेली गोष्ट निराळी आहे. पिलूं आणल्यापासून तीन रात्री कोल्हीण त्या बांधावर फिरून ओरडत होती. आमची आजी तें ऐकून वडिलांस म्हणाली, “अरे, तें पोरकें नव्हतें. तुम्हींच त्याला पोरकें केलेंत.”

आजीस अक्षरओळख नव्हती. परंतु या विषयावर मीं पुढें जें कांहीं वाचलें, त्याचें सार तिच्या या एका वाक्यांत आहे. रानटी जनावराची मादी पिलापाशीं सदा बसून राहत नाहीं. सशाची मादी, हरिणी किंवा भेकराची मादी पिलास गवतांत दडवून स्वतः दूर चरावयास जाते. आपल्या वासानें व वावरण्यानें शत्रूस पिलाचा माग लागूं नये म्हणून ती मुद्दामच दूर राहते. बिबळ्याची मादीही पिलें आडोशास ठेवून शिकारीस जाते व जागा निर्धोक वाटेनाशी झाली कीं त्यांना तोंडांत धरून दुसरीकडे नेते. आपण नेमके ती नसतांना तेथें पोंचतों आणि पिलूं एकटें पाहून त्यास अनाथ ठरवितों. मनुष्याचा हात लागलेल्या पिलास आई पुन्हां जवळ करीत नाहीं, अशीही एक समजूत सर्वत्र आहे; तीही बहुतेक चुकीची आहे. घरट्यांतून पडलेलें पांखराचें पिलूं उचलून पुन्हां घरट्यांत ठेविलें तर आईबाप त्यास पूर्ववत् चारा भरवितात. पिलास दूध पाजण्याची घाई तर बहुतेकांना होते. वास्तविक गारठलेल्या पिलास प्रथम ऊब पाहिजे. अंग गार असतां पाजलेलें दूध त्यास पचत नाहीं. गाईचें दूध कोल्ह्याच्या वा बिबळ्याच्या पिलास मानवत नाहीं, आणि उताणें धरून पाजल्यास तें फुप्फुसांत उतरून पिलूं दगावतें. आमच्या घरीं या सर्व चुका एकाच आठवड्यांत झाल्या, व त्या सर्व दयेपोटीं झाल्या.

आतां उंसाच्या फडाकडे वळतों. माझ्या मुलीचें सासर जुन्नर तालुक्यांत आहे. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत बिबळ्यांची वस्ती एवढी कां वाढली, हें आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, डिंभे, वडज व पिंपळगांव जोगे हीं पांच धरणें झालीं, कालव्यांचें पाणी फिरलें आणि जिराईत माळ उंसानें हिरवे झाले. ऊंस वर्षभर उभा राहतो. त्यांत गारवा, पाणी व दाट आडोसा मिळतो. बाहेर वस्तीवर कुत्रीं, डुकरें व शेळ्या असतात. बिबळ्यास याहून अधिक काय पाहिजे? ज्यांचा जन्मच फडांत झाला अशा बिबळ्यांच्या कित्येक पिढ्या तेथें होऊन गेल्या. त्यांना ‘जंगलांतून आलेले’ म्हणणें व्यर्थ आहे. त्यांचें घर ऊंस हेंच होय. आणि तें घर दरवर्षीं कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कोयत्याखालीं येतें.

गेल्या हंगामांत, पौषाच्या अखेरीस, मी व्याह्यांकडे गेलों असतां त्यांचा दोन एकर ऊंस तोडणीस आला होता. टोळी पहांटेच कामास लागली होती. दहाच्या सुमारास एका तोडणीवाल्या बाईनें कोयता टाकून हांक मारली. पाचटांत तीन पिलें एकमेकांस बिलगून पडलीं होतीं. डोळे नुकतेच उघडलेले दिसत होते. क्षणांत पन्नास माणसें जमलीं. एका तरुणानें पिलूं उचलून छातीशीं धरलें व दुसऱ्याकडून मोबाईलवर छायाचित्र काढून घेतलें. हीं बिबळ्याचीं कीं रानमांजराचीं, यावर वाद सुरू झाला. कारण रानमांजराचीं व वाघाटीचीं पिलेंही उंसांत सांपडतात व अजाण मनुष्यास तीं सारखींच दिसतात. सुदैवानें टोळीचा मुकादम शहाणा निघाला. त्यानें पिलूं होतें तेथें ठेवावयास लाविलें, बायकामुलांस दूर नेलें, तेवढा ऊंस उभा ठेवून तोडणी थांबविली आणि १९२६ या वनखात्याच्या विनाशुल्क क्रमांकावर वर्दी दिली.

दीड तासांत वनरक्षक आले, त्यांच्यामागून पशुवैद्य आले. पिलें बिबळ्याचींच असून त्यांस जखम वा आजार नाहीं, अशी खात्री झाल्यावर दिवसभर त्यांना सावलींत सुरक्षित ठेविलें. सायंकाळीं फळें नेण्याच्या एका प्लास्टिकच्या क्रेटमध्यें घालून तीं जेथें सांपडलीं त्याच जागीं नेऊन ठेविलीं, वर थोडें पाचट पसरलें, जवळ आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा बांधला व सर्व माणसें दूर झालीं. साडेआठाच्या सुमारास मादी आली. तिनें प्रथम भोंवतीं फिरून अंदाज घेतला, मग पंजानें क्रेट कलंडविला आणि एकेक पिलूं तोंडांत धरून दहाच्या आंत तिन्ही पिलें नेलीं. दुसऱ्या दिवशीं वनरक्षकांनीं मला तीं चित्रें दाखविलीं. जुन्नर विभागांत वनखातें व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रांतील पशुवैद्य मिळून हें काम वर्षानुवर्षें करीत आले आहेत. आमच्या फडांत घडलें तें कांहीं नवल नव्हे.

परंतु त्या सायंकाळीं ओट्यावर बसलों असतां व्याही मला जें बोलले तें येथें लिहिलें पाहिजे. न लिहिल्यास हा लेख एकांगी होईल. ते म्हणाले, “व्याहीबुवा, तुम्हीं सारा जन्म कचेरींत कागद लिहिलेत, म्हणून तुम्हांला हें गोड वाटतें. माझा ट्रक अर्धा भरून उभा आहे. टोळीला आजची मजुरी कोण देणार? उद्यां कारखान्याची पाळी हुकली तर वाळेल तो ऊंस माझा. आणि ज्या वाघिणीला तुम्ही पिलें परत देतां, ती राहणार कोठें? माझ्याच शेजारीं ना?”

या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. माझी तीन वर्षांची नात त्याच ओट्यावर चिंचोके खेळत होती. त्या रात्रीं दाराचा अडसर मीं दोनदां उठून पाहिला, हें कबूल करण्यास मला संकोच वाटत नाहीं. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड व जांबूत परिसरांत सुमारें तीन आठवड्यांच्या आंत बिबळ्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुलें होतीं. लोक रस्त्यावर उतरले व अखेर तेथें एक बिबळ्या गोळी घालून मारण्यांत आला. ज्या घरांतलें लेंकरूं गेलें त्या घरास भूतदयेचा उपदेश करावयास जाणारा मनुष्य निर्दय म्हटला पाहिजे. माणसें मारूं लागलेल्या बिबळ्यास मोकळें ठेवावें, असें मी मुळींच म्हणत नाहीं. कायद्यानेंही तशा जनावराचा बंदोबस्त करण्याचा अधिकार वरिष्ठ वनाधिकाऱ्यांस दिलेला आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्यानें कांहीं केलेलें नाहीं अशा प्रत्येक बिबळ्यास धरून नेल्यानें, आणि ज्यांनीं अजून मांस चाखलेलें नाहीं अशीं पिलें आईपासून तोडल्यानें, माझी नात अधिक सुरक्षित होते काय?

याचें उत्तर अनुभवानें मिळालेलें आहे, व तें ‘नाहीं’ असें आहे. जुन्नर भागांत २००१ पासून २००३ पर्यंत वस्तीजवळचे बिबळे पकडून दूरच्या रानांत सोडण्याची मोठी मोहीम झाली. २९ बिबळे सरासरी सुमारें ४० किलोमीटर दूर नेऊन सोडले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या मोहिमेचा अभ्यास करून २०११ सालीं तो प्रसिद्ध केला. मोहिमेपूर्वीं त्या भागांत माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत असत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. म्हणजे जो उपाय म्हणून केला त्यानेंच रोग चौपट झाला. याचें कारण कठीण नाहीं. प्रत्येक बिबळ्याची आपली एक हद्द असते. तिच्यांतील पाणवठे, वाटा, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्यास ठाऊक असतात व त्या टाळून तो राहतो. पिंजऱ्यांत कोंडलेला, घाबरलेला व अनोळखी मुलुखांत सोडलेला बिबळ्या या ज्ञानास मुकतो. आणि इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी बिबळ्या व्यापतो. ज्यानें महसूल खात्यांत नोकरी केली आहे त्यास ही गोष्ट लवकर पटेल. खातेदाराचें नांव कमी केलें म्हणून जमीन ओस पडत नाहीं. सात-बारावर दुसरें नांव चढतें. आमच्या जवळचें बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें आहे. तेथेंही बाहेर पकडलेले बिबळे आणून सोडले जात, आणि २००२ ते २००४ या काळांत उद्यानाभोंवतीं माणसांवर झालेल्या हल्ल्यांनीं हाहाकार उडाला होता.

धरून नेलेला बिबळ्या काय करतो याचें एक उदाहरण तर आमच्या दारापर्यंत चालत आलें. २००९ सालच्या उन्हाळ्यांत पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें एक प्रौढ नर विहिरींत पडला. वनखात्यानें त्यास बाहेर काढलें, ठावठिकाणा कळविणारा पट्टा गळ्यांत घातला आणि माळशेज घाटांत सोडलें. त्याचें वय पाहून त्यास ‘आजोबा’ हें नांव पडलें. हा आजोबा घाटांत राहिला नाहीं. कसाऱ्याकडून मुंबई-आग्रा रस्ता ओलांडून, वसईच्या कारखान्यांच्या वस्तीजवळून, वसईची खाडी पोहून तो सुमारें १२० किलोमीटर चालून आला व बोरिवलीच्या उद्यानाच्या नागला भागांत स्थिरावला. वाटेंत त्यानें कोणा माणसास इजा केल्याची नोंद नाहीं. २०११ च्या डिसेंबरांत घोडबंदर रस्त्यावर एका वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ सालीं चित्रपटही निघाला. पारनेरच्या कोणा शेतकऱ्याच्या विहिरीस कठडा नव्हता, म्हणून एका जनावराचा प्रवास आमच्या खाडीच्या कांठीं रस्त्यावर संपला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

पिलें घरीं किंवा पिंजऱ्यांत वाढविण्याचाही परिणाम असाच आहे. शिकार करणें व माणसापासून दूर राहणें या दोन विद्या बिबळ्याचें पिलूं आईपाशीं दीड-दोन वर्षें राहून शिकतें. माणसाच्या हातून वाढलेल्या बिबळ्यास या दोन्ही येत नाहींत. त्यास रानांत सोडावें तर तो भूक लागतांच माणसाच्याच दाराशीं येणार. न सोडावें तर जन्मभर पिंजऱ्यांत ठेवून मांस घालावें लागणार. निवारा केंद्रांतील पिंजरे आधींच अपंग, आंधळ्या व म्हाताऱ्या बिबळ्यांनीं भरलेले असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें बिबळ्या पहिल्या अनुसूचींत आहे. त्यास पकडून घरीं ठेवणारास ३ ते ७ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. दयेनें उचललेलें पिलूं शेतकऱ्यास तुरुंगांत घालूं शकतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

कोणी म्हणेल, हेमलकशास डॉ. प्रकाश आमटे यांनीं बिबळे, अस्वलें, माकडें अशीं अनाथ पिलें वाढविलींच ना? होय, वाढविलीं, व तें काम वंदनीय आहे. परंतु त्याचें मूळ पाहिलें पाहिजे. १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हां त्या भागांतील माडिया लोक पोट भरण्यासाठीं शिकार करीत. आई मारली गेली म्हणजे पिलूंही खाल्लें जाई. आमट्यांनीं त्यांना विनविलें कीं, पिलूं आम्हांस द्या, त्याबदलीं धान्य-वस्त्र घ्या. तीं पिलें खरोखर अनाथ होतीं; त्यांच्या आया कोणी परत आणूं शकत नव्हता. आमच्या फडांतील पिलांची आई दोनशें हातांवर दबा धरून काळोख पडण्याची वाट पाहत असते. या दोन गोष्टी एक मानणें म्हणजे आमट्यांच्या कामाचा अर्थ न समजणें होय.

जखमी किंवा वाट चुकलेल्या मोठ्या जनावराविषयीं थोडक्यांत सांगतों. ९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्याच्या कोथरूड भागांत एक रानगवा शिरला. त्यास पाहावयास शेंकडों माणसें जमलीं. तो गल्ल्यांतून सैरावैरा धांवला, भिंतींवर आपटला, आणि पकडल्यावर थोड्याच वेळांत मेला. त्यास मारावें असें त्या गर्दींतील कोणाच्याही मनांत नसेल. पुष्कळ जण तर त्यास वांचविण्यासाठींच आलेले असतील. रानटी जनावरास माणसांचा गराडा हीच मोठी जखम असते. म्हणून जखमी जनावर दिसतांच करावयाचें पहिलें काम म्हणजे आपण मागें सरणें व इतरांस मागें सारणें.

आतां खर्चाचा मुद्दा. येथें आमच्या पालीच्या व उत्तनच्या कोळी बंधूंचें उदाहरण उपयोगी पडेल. मासेमारीच्या जाळ्यांत कधीं समुद्री कासव, कधीं देवमासा किंवा डॉल्फिन सांपडतो. त्यास जिवंत सोडावयाचें तर जाळें कापावें लागतें, आणि जाळें म्हणजे कोळ्याचें भांडवल. पूर्वीं जो जाळें कापी तो आपल्या पदरास खार लावून घेई. २०१८ च्या डिसेंबरापासून राज्याच्या कांदळवन कक्षानें व मत्स्यव्यवसाय खात्यानें अशी योजना सुरू केली कीं, संरक्षित जलचरास सोडण्यासाठीं जाळें कापलें तर त्याचें चित्र व अर्ज पाहून ₹२५,००० पर्यंत भरपाई द्यावी. जाळ्यांत अडकून पर कापले गेलेलीं कासवें डहाणूच्या उपचार केंद्रांत नेऊन बरीं केलीं जातात व पुन्हां समुद्रांत सोडलीं जातात, तें चांगलेंच. परंतु जें कासव जाळें कापून तेथल्या तेथें मोकळें होतें त्यास उपचाराची गरजच पडत नाहीं. सरकारनें येथें एक तत्त्व मान्य केलें आहे: जीव वांचविण्याचें पुण्य सर्वांचें, तर त्याचा खर्चही सर्वांचा.

मग हेंच तत्त्व बांधावर कां लागू नसावें? बिबळ्यानें माणूस मारला तर वारसांस ₹२५ लाख मिळतात, जनावर मारलें तर त्याचीही भरपाई आहे. म्हणजे अनर्थ घडल्यावर सरकारची तिजोरी उघडते. परंतु अनर्थ घडूं नये म्हणून ज्यानें आपला फड एक दिवस उभा ठेविला, टोळीची मजुरी अंगावर घेतली, ट्रक अर्धा रिकामा परत पाठविला, त्याच्यासाठीं माझ्या माहितींत कोठें कागद नाहीं. मीं तीस वर्षें पंचनाम्यांचे कागद हाताळले. नुकसानीचा पंचनामा करण्याची रीत आम्हांस चांगली येते. संयमाचा पंचनामा करण्याची रीत कोणी घालून दिलेली नाहीं. ती घालून देणें अवघड नाहीं. पिलें सांपडल्याची वनरक्षकाची नोंद, तोडणी थांबल्याचा वेळ व टोळींतील माणसांची संख्या, एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर बसतात.

यास्तव आपल्या संघापुढें माझ्या पुढील नम्र सूचना आहेत.

पहिली, विहिरींची. प्रत्येक सभासदानें आपल्या उघड्या विहिरीस निदान कमरेइतका कठडा बांधावा व शक्य तेथें वर जाळी टाकावी. ज्यास एकदम खर्च झेपत नाहीं त्यास संघानें हप्त्यांनीं फिटेल असें कर्ज द्यावें. अशा विहिरींत बिबळ्याच नव्हे, आपलीं वासरें व आपलीं पोरेंही पडतात, हें विसरूं नये. जनावर पडलेलेंच आढळल्यास विहिरीवरील मोटरचा वीजपुरवठा प्रथम बंद करावा, एक बाज किंवा लांकडाचा ओंडका दोरांनीं पाण्यावर सोडावा म्हणजे त्यास टेकावयास आधार मिळतो, आणि वनखात्याची माणसें येईपर्यंत कांठावर गर्दी होऊं देऊं नये.

दुसरी, तोडणीची. फड चोहोंकडून घेरून तोडूं नये. वस्तीच्या बाजूनें आरंभ करून मोकळ्या रानाच्या दिशेनें तोडत जावें, म्हणजे आंतील जनावरास निघून जावयास वाट राहते. टोळी शेतांत उतरण्यापूर्वींच मुकादमास सांगून ठेवावें कीं, पिलूं दिसल्यास हात लावावयाचा नाहीं, चित्र काढावयाचें नाहीं, १९२६ वर वर्दी द्यावयाची. तोडणीवाल्यांचीं लहान मुलें फडाच्या कडेस निजविलीं जातात. त्यांच्यासाठीं दूर, उघड्यावर नव्हे, आडोशाची जागा देणें हें ज्याचा ऊंस त्याचें कर्तव्य समजावें.

तिसरी, खर्चाची. पिलांसाठीं तोडणी थांबली तर त्या दिवसाची टोळीची मजुरी वनखात्यानें द्यावी, व कारखान्यानें त्या शेतकऱ्याची पाळी दुसऱ्या दिवशीं कायम राखावी, अशी मागणी संघानें ठराव करून दोहोंकडे पाठवावी. पाळी राखण्यास तर कारखान्यास पैसाही पडत नाहीं.

चौथी, आपल्या घरची. शेळ्या-वासरें रात्रीं बंद गोठ्यांत असावीं. तिन्हीसांजेनंतर मुलांस एकटें बाहेर पाठवूं नये. अंगणांत उजेड असावा. वस्तीवर मेलेलीं जनावरें व उष्टें-खरकटें उघड्यावर टाकूं नये, कारण त्यावर कुत्रीं येतात आणि कुत्र्यांमागून बिबळ्या येतो. पिंजऱ्याची मागणी करणें सोपें असतें; परंतु मुलें वांचतात तीं बहुधा या साध्या गोष्टींनीं.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनीं राहिलेला ऊंस तुटला. व्याह्यांस कारखान्याची पाळी मिळाली, पण टोळीची एका दिवसाची मजुरी त्यांच्या अंगावर पडली. ती त्यांनीं कांहीं न बोलतां चुकती केली. मी निघतांना ते एवढेंच म्हणाले, “पिलें गेलीं हें बरें झालें, व्याहीबुवा. नाहींतर ती रोज रात्रीं येथें ओरडत फिरली असती, आणि तें ओरडणें ऐकून आम्हांला झोंप लागली नसती.” मला आमच्या बांधावरच्या कोल्हिणीची आठवण झाली. त्या वेळीं आम्हीं जें केलें तें अज्ञानानें केलें. आज आपणांस ठाऊक आहे. तरी पुन्हां तेंच करूं, तर त्यास दया हें नांव शोभणार नाहीं. व्याह्यांनीं जी एका दिवसाची मजुरी सोसली ती पुढच्या हंगामांत कोणाही शेतकऱ्यास एकट्यानें सोसावी लागूं नये, एवढें जरी आपल्या संघाच्या प्रयत्नानें घडलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.

— एक निवृत्त महसूल कारकून, पाली